ग्रंथीचे झरोके : संप्रेरकांच्या वाटेवरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आढावा

सकाळी रिकाम्या पोटी थायरॉइडची गोळी घेणारे कुणी ना कुणी आता अनेक कुटुंबांत असते. मधुमेहामुळे इन्सुलिनही घरोघरी पोचले आहे. अमुक ग्रंथी अमुक संप्रेरक तयार करते आणि ते थेट रक्तात मिसळते, एवढे शाळेच्या पुस्तकातही असते. पण हे मिसळणे वाटते तितके सोपे नाही. ग्रंथीची पेशी आणि वाहते रक्त यांच्यामध्ये रक्तवाहिनीची भिंत उभी असते, आणि रक्त आत धरून ठेवणे हेच त्या भिंतीचे काम असते. स्नायूत किंवा मेंदूत ती हे काम चोख करते. मग ग्रंथीतली भिंत संप्रेरकाला वाट कशी देते? आणि वाट देताना रक्तातली प्रथिने बाहेर सांडू कशी देत नाही?

गेली सत्तर वर्षे शरीररचनाशास्त्रज्ञ, पेशीवैज्ञानिक आणि डॉक्टर या प्रश्नाला वेगवेगळ्या बाजूंनी भिडत आले आहेत. त्यांच्या कामातून जे चित्र उभे राहिले त्याचा, आणि त्यातल्या अजून न जुळलेल्या भागांचा हा आढावा आहे. हे सारे काम वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की ग्रंथी म्हणजे केवळ संप्रेरक बनवणाऱ्या पेशींचा पुंजका, ही आपली समजूत अपुरी आहे. पेशी आणि तिला बिलगलेली केशवाहिनी ही दोन्ही मिळून ग्रंथी होते. त्या केशवाहिनीची विशिष्ट घडण ग्रंथीच्या पेशीच घडवतात आणि आयुष्यभर टिकवतात.

दिसण्याची अडचण

विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा धमनीतले रक्त शिरेत कोणत्या वाटेने जाते हे त्यांना डोळ्यांनी पाहता आले नव्हते. ती वाट मार्चेल्लो मालपिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. या केशवाहिन्या साधारण ५ ते १० मायक्रोमीटर रुंद असतात, म्हणजे तांबडी पेशी जेमतेम अंग चोरून जाईल एवढ्याच. एकोणिसाव्या शतकात वाहिन्यांत रंग भरून ग्रंथींची रक्तजाळी रेखाटण्याचे तंत्र चांगलेच पुढे गेले. थायरॉइडच्या प्रत्येक पुटिकेभोवती वाहिन्यांची टोपली विणलेली असते, हे तेव्हाच ठाऊक झाले होते.

पण खुद्द भिंतीची घडण प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणे शक्य नव्हते. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी साधा प्रकाश वेगळ्या दाखवू शकत नाही. ग्रंथीतल्या केशवाहिनीची भिंत तर काही ठिकाणी १०० नॅनोमीटरहूनही पातळ असते. ती पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. अर्न्स्ट रुस्का यांनी तो १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये घडवला. तरीही जिवंत ऊतीचे पुरेसे पातळ काप घेण्याचे तंत्र बसायला १९५० चे दशक उजाडले. त्यानंतर मात्र चित्र झपाट्याने पालटले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पॅलेड यांनी १९५३ मध्ये केशवाहिनीच्या पेशीतल्या इवल्याशा पिशव्यांचे वर्णन केले. त्याच सुमारास मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या कापांत संशोधकांना भिंतीत आरपार भोके दिसली. १९५९ मध्ये बेनेट, लुफ्ट आणि हॅम्प्टन यांनी पृष्ठवंशी प्राण्यांच्या केशवाहिन्यांचे रचनेनुसार वर्गीकरण केले. थोड्याफार फेरफारांनी तेच आजही शिकवले जाते.

तीन प्रकारच्या भिंती

पहिला प्रकार अखंड भिंतीचा. स्नायू, त्वचा, फुप्फुस आणि मेंदू इथे अंतःस्तराच्या, म्हणजे वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या, पेशी एकमेकींना घट्ट चिकटून सलग पडदा बनवतात. मेंदूत तर हे सांधे इतके पक्के असतात की बहुसंख्य औषधांना तिथे शिरकाव मिळत नाही.

दुसरा प्रकार झरोक्यांचा. इथेही पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पण पेशीचे अंगच जागोजागी इतके पातळ होते की तिचे वरचे आणि खालचे आवरण एकमेकांना मिळते आणि आरपार गोल छिद्र तयार होते. जुन्या वाड्यांतल्या झरोक्यांना जशी जाळी बसवलेली असे, तशी या छिद्रांवरही बहुतेक ठिकाणी एक नाजूक पडदी ताणलेली असते. बहुतेक सर्व अंतःस्रावी ग्रंथी, आतड्याची अंकुरके आणि मेंदूतले काही मोजके भाग या प्रकारात येतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतही झरोके असतात, पण तिथल्या बहुतेकांवर पडदी नसते.

तिसरा प्रकार खंडित भिंतीचा. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांमध्ये वाहिन्या रुंद आणि वेड्यावाकड्या असतात, मोठी भोके उघडी असतात, आणि भिंतीबाहेरचा आधारपटल तुटक असतो किंवा नसतोच.

या तिन्ही प्रकारांतून एक गोष्ट स्पष्ट होते. शरीरातल्या सगळ्या केशवाहिन्या सारख्या नळ्या नाहीत. ज्या अवयवाचे जे काम, त्याला साजेशी भिंत तिथे असते.

एक झरोका जवळून

थायरॉइडच्या कापाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले एखादे चांगले चित्र समोर ठेवून पाहावे. चित्राच्या एका बाजूला पुटिकेच्या पेशीचा तळ दिसतो. तिथले आवरण घड्या पडलेले असते. त्याच्या खाली राखाडी रेघेसारखा आधारपटल, मग थोडी मोकळी जागा, मग वाहिनीचा आधारपटल आणि त्याला टेकलेली अंतःस्तराची पेशी. या पेशीचे केंद्रक बहुधा ग्रंथीच्या पेशीपासून दूर, पलीकडच्या अंगाला असते. ग्रंथीकडे तोंड केलेला भाग अगदी पातळ होत गेलेला असतो आणि तिथे भिंत तुटक रेघेसारखी दिसते. रेघेचा प्रत्येक तुकडा म्हणजे पेशीद्रव्याची पट्टी आणि दोन तुकड्यांमधली जागा म्हणजे झरोका. नीट पाहिले की त्या रिकाम्या जागेतही एक केसासारखी रेघ दिसते. तीच पडदी.

झरोक्याचा व्यास साधारण ६० ते ८० नॅनोमीटर असतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा जवळजवळ हजारावा भाग झाला. पडदीची जाडी ५ ते ६ नॅनोमीटर. पेशीच्या नेहमीच्या आवरणापेक्षाही ती पातळ आहे. मग ती साध्या मेद-थराची बनलेली नाही, हे उघड होते. योहानेस ऱ्होडिन यांनी १९६२ मध्ये या पडदीचे बारकाईने वर्णन केले, पण ती नक्की कशाची बनली आहे हे पुढे बराच काळ उमगले नाही.

१९८५ मध्ये एलेन बेअरर आणि लेलिओ ओर्ची यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी ऊती क्षणार्धात गोठवल्या, पृष्ठभागावरचा बर्फ निर्वातात उडवून दिला आणि उघड्या पडलेल्या भागावर धातूचा पातळ थर देऊन त्याचा ठसा पाहिला. रासायनिक प्रक्रियेत विरघळून जाणारे तपशील या पद्धतीत टिकतात. त्यांना पडदीत चाकाच्या आऱ्यांसारखे तंतू दिसले. काठापासून निघून मध्यभागी एकत्र येणारे हे तंतू सुमारे ७ नॅनोमीटर रुंद होते आणि त्यांच्या मधल्या पाचरीसारख्या फटी सुमारे ५ नॅनोमीटरच्या. म्हणजे जी एक खिडकी वाटत होती, तिच्या आत कितीतरी बारीक वाटा होत्या.

या तंतूंचा घटक १९९९ मध्ये हाती लागला. रादू स्टान, पॅलेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीव्ही-१ नावाचे प्रथिन पडदीत असल्याचे दाखवले. हे प्रथिन काढून टाकले की पडदी तयारच होत नाही, हेही पुढे सिद्ध झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या कामाने त्याचे महत्त्व ठळक केले. पीव्ही-१ नसलेल्या उंदरांच्या शरीरात झरोके तयार होत होते, पण त्यांवर पडदी नव्हती. त्यांच्या रक्तातली प्रथिने आतड्यावाटे गळून गेली आणि ते दगावले. २०१५ मध्ये याच प्रथिनाच्या जनुकातला दोष माणसाच्या बाळातही सापडला. त्यातही प्रथिने आतड्यावाटे वाहून जाण्याचा जीवघेणा आजार होता. पाच-सहा नॅनोमीटरच्या पडदीवर जीव टांगलेला असतो, हे या कामाने दाखवून दिले.

पडदीच्या रक्ताकडच्या बाजूला साखरेच्या साखळ्यांचा दाट मुलामा असतो. निकोलाए आणि माया सिमियोनेस्कू यांनी पॅलेड यांच्यासोबत केलेल्या कामातून असे दिसले की हा मुलामा झरोक्यांच्या पडदीवर विशेष दाट आणि ऋणभारित असतो. रक्तातली बहुतेक प्रथिनेही ऋणभारित असल्याने ती इथून दूर लोटली जातात. म्हणजे गाळणी दुहेरी आहे : एक आकाराची, एक विद्युतभाराची.

प्रत्येक ग्रंथीची वेगळी मांडणी

थायरॉइडचे वजन प्रौढ माणसात १५ ते २० ग्रॅमच्या आसपास असते. तिच्यातून ग्रॅममागे दर मिनिटाला सुमारे ४ ते ६ मिलीलिटर रक्त वाहते. वजनाच्या हिशेबात इतका रक्तपुरवठा शरीरात फार थोड्या अवयवांना आहे. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. रक्तात आयोडीन अत्यल्प असते आणि ते टिपून घ्यायचे तर पुष्कळ रक्त ग्रंथीच्या दारावरून जावे लागते. ग्रेव्ह्जच्या आजारात ग्रंथी अतिसक्रिय होते, तेव्हा या वाहिन्या इतक्या वाढतात की गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवल्यास रक्ताची सळसळ ऐकू येते. कलर डॉप्लर सोनोग्राफीत अशी ग्रंथी लाल-निळ्या ठिपक्यांनी पेटल्यासारखी दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या शल्यविशारदांना थायरॉइडच्या शस्त्रक्रियेची धास्ती होती ती मुख्यतः रक्तस्रावामुळे. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात थिओडोर कोखर यांनी प्रत्येक वाहिनी काळजीपूर्वक बांधण्याचे तंत्र बसवले आणि मृत्यूंचे प्रमाण कमालीचे खाली आणले. १९०९ चे नोबेल त्यांना मिळाले. पुढे १९२३ मध्ये अमेरिकेत हेन्री प्लमर यांनी शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस आयोडीन देण्याची पद्धत रूढ केली. त्याने ग्रंथीचा जोर आणि रक्तप्रवाह दोन्ही ओसरतात. तो उपाय आजही वापरात आहे.

स्वादुपिंडात याहून नाजूक कारागिरी आहे. पाउल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये वर्णन केलेली पेशींची बेटे स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम १ ते २ टक्के भरतात, पण त्याला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे दहावा हिस्सा त्यांच्याकडे जातो. बेटाभोवतीच्या, पाचकरस बनवणाऱ्या भागातल्या केशवाहिन्यांपेक्षा बेटातल्या केशवाहिन्यांवर झरोके कितीतरी पट दाट असतात. इन्सुलिन बनवणारी बीटा पेशी आपले कण चहूकडे सोडत नाही. वाहिनीला टेकलेल्या अंगालाच ते बहुतांशी सोडले जातात. आणखी लक्षणीय बाब अशी की उंदराच्या बीटा पेशी स्वतःचा आधारपटल बनवत नाहीत. तो त्यांना वाहिनीच्या पेशींकडून मिळतो आणि त्याच्या स्पर्शाने इन्सुलिनच्या निर्मितीला चालना मिळते. वाहिनीकडून पेशीला मिळणारी ही मदत गर्भावस्थेपासून सुरू होते. एकहार्ड लॅमर्ट, ओंडाइन क्लीव्हर आणि डग्लस मेल्टन यांनी २००१ मध्ये दाखवले की गर्भात स्वादुपिंड घडू लागण्यासाठी शेजारच्या रक्तवाहिनीचा संदेश आवश्यक असतो.

पोषग्रंथीची गोष्ट दिशेची आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या या ग्रंथीकडे वरून येणाऱ्या वाहिन्यांचे वर्णन पोपा आणि फील्डिंग यांनी १९३० मध्ये केले, पण रक्त ग्रंथीकडून मेंदूकडे जाते असा त्यांचा समज होता. विस्लॉकी आणि किंग यांनी १९३६ मध्ये तो दुरुस्त केला. रक्त मेंदूकडून ग्रंथीकडे उतरते. जेफ्री हॅरिस यांनी या वाहिन्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून ठाम मांडले की मेंदू पोषग्रंथीला रक्तातून रासायनिक आज्ञा पाठवतो. त्या आज्ञांचे रेणू १९६९ पासून एकेक करून हाती आले आणि १९७७ मध्ये रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना नोबेल मिळाले. वरच्या टोकाला, जिथे मेंदूच्या चेतातंतूंमधून हे रेणू रक्तात उतरतात, तिथल्या केशवाहिन्यांना झरोके आहेत. मेंदूच्या इतर बहुतेक भागांत बंद असलेली भिंत नेमकी इथे उघडी आहे.

या मांडणीला एक धोकाही चिकटला आहे. पोषग्रंथीच्या पुढच्या भागाची भिस्त मुख्यतः या उतरत्या वाहिन्यांवर असते आणि गरोदरपणी ग्रंथी मोठी झालेली असते. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला तर ग्रंथीचा भाग मरू शकतो. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. बाळंतपणानंतर दूध न येणे, पाळी परत न येणे, मरगळ येणे ही त्याची लक्षणे. श्रीमंत देशांत तो आता क्वचित दिसतो. आपल्याकडे मात्र काश्मीर खोऱ्यात झालेल्या पाहणीत बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये तो अजूनही ठळकपणे आढळला. जिथे प्रसूतीच्या वेळी रक्त वेळेवर मिळत नाही, तिथे या सूक्ष्म वाहिन्यांची किंमत बाईला आयुष्यभर मोजावी लागते.

अधिवृक्क ग्रंथीत वाहिन्यांची मांडणीच तिथले रसायनशास्त्र ठरवते. रक्त बाहेरच्या कवचाखालून आत शिरते, बाह्यकातून झिरपत मध्याकडे येते आणि एका मोठ्या शिरेतून बाहेर पडते. त्यामुळे मध्यकाच्या पेशींना बाह्यकात तयार झालेल्या कॉर्टिसॉलने भरलेले रक्त मिळते. वुर्टमन आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९६५ मध्ये दाखवले की नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे अ‍ॅड्रेनॅलिन करणारे विकर याच संप्रेरकाच्या जोरावर टिकते. वाहिन्या उलट दिशेने गेल्या असत्या, तर संकटसमयी धावून येणारे अ‍ॅड्रेनॅलिन पुरेसे बनलेच नसते.

यकृत ही शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, पण तिची रीत निराळी. एडी विस यांनी १९७० मध्ये दाखवले की तिथले झरोके चाळणीसारख्या पुंजक्यांत असतात, त्यांचा व्यास १०० नॅनोमीटर किंवा त्याहून थोडा अधिक असतो आणि त्यांवर पडदी नसते. जेवणानंतर रक्तात आलेल्या मेदकणांचे लहान अवशेष इथून यकृतपेशींपर्यंत पोचतात. मोठे कण अडकतात.

झरोके घडवतो कोण?

अंतःस्तराची पेशी मुळात झरोकेदार जन्माला येत नाही. ती ज्या ऊतीत असते, तिथल्या पेशी तिला घडवतात. या शोधाचा धागा एका ग्रंथीतूनच निघाला. बोस्टनमध्ये हॅरल्ड ड्वोरॅक यांच्या प्रयोगशाळेत १९८३ मध्ये कर्करोगाच्या गाठींमधून असे एक प्रथिन मिळाले होते, ज्याने वाहिन्या झिरपू लागतात. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि विल्यम हेन्झेल यांनी गाईच्या पोषग्रंथीच्या पेशींमधून वाहिन्यांची वाढ करणारे प्रथिन वेगळे केले. दोन्ही एकच निघाले. त्यालाच आज व्हीईजीएफ म्हणतात.

१९९५ मध्ये रॉबर्ट्स आणि पॅलेड यांनी उंदराच्या स्नायूत आणि त्वचेत, जिथे एरवी झरोके नसतात तिथे, व्हीईजीएफ लावून पाहिले. दहा मिनिटांत झरोके दिसू लागले. ग्रंथीच्या पेशी व्हीईजीएफ सतत थोडेथोडे सोडत असतात आणि ते थेट शेजारच्या वाहिनीवर पडते. म्हणूनच झरोके ग्रंथीकडे तोंड केलेल्या बाजूला दाट असतात. बीटा पेशींमधले व्हीईजीएफचे जनुक बंद केले, तर बेटातल्या वाहिन्या विरळ होतात, झरोके जवळजवळ नाहीसे होतात आणि साखर आटोक्यात येण्याला विलंब लागतो, हे लॅमर्ट यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले.

यातून निघणारा निष्कर्ष मला या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. झरोके एकदा कोरून कायमचे राहिलेले नसतात. ते रोज राखावे लागतात. राखणारा हात थांबला की भिंत पुन्हा सलग होऊ लागते.

हात थांबतो तेव्हा

याची परीक्षा माणसांवर नकळत झाली. कर्करोगाच्या गाठी नव्या रक्तवाहिन्यांवर पोसतात, म्हणून व्हीईजीएफचा मार्ग अडवणारी औषधे बनली. त्यांपैकी सुनिटिनिब २००६ मध्ये अमेरिकेत वापरात आले. त्याच वर्षी डॉक्टरांनी नोंदवले की पचनमार्गाच्या एका प्रकारच्या गाठीसाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक जणांची थायरॉइड मंदावली होती. याच वर्षी प्राण्यांवरच्या कामातून दिसले की व्हीईजीएफ अडवल्यावर थायरॉइड, स्वादुपिंडाची बेटे, अधिवृक्क आणि पोषग्रंथी अशा झरोकेदार ठिकाणच्या केशवाहिन्या मोठ्या प्रमाणात झडतात. थायरॉइडमध्ये तर निम्म्याहून अधिक वाहिन्या गळतात, आणि औषध थांबवले की काही आठवड्यांत परत उगवतात. स्नायू आणि मेंदू यांच्या अखंड वाहिन्यांवर मात्र फारसा परिणाम होत नाही.

रुग्णाच्या बाजूने याचा अर्थ काय होतो? मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी गोळ्या घेणाऱ्या माणसाला काही महिन्यांनी थकवा येतो, थंडी सोसत नाही, आवाज जड होतो, बद्धकोष्ठ होते. याचे खापर कर्करोगावर किंवा औषधाच्या तीव्रतेवर फुटू शकते. टीएसएचची, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या पोषग्रंथीच्या संप्रेरकाची, एक साधी तपासणी केली, तर त्यातल्या काहींचे कारण थायरॉइड असल्याचे कळते आणि थायरॉक्सिनच्या स्वस्त गोळीने दिलासा मिळतो. अशा औषधांवर असलेल्यांची थायरॉइड ठरावीक काळाने तपासावी, ही शिफारस म्हणूनच आहे. घरात कुणी या उपचारावर असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून विचारावे.

यकृतात झरोके हळूहळू मिटतात. फेन्टन शाफ्नर आणि हान्स पॉपर यांनी १९६३ मध्येच दाखवले होते की सिऱ्हॉसिसमध्ये यकृताच्या वाहिन्या साध्या, बंद केशवाहिन्यांसारख्या होतात. वयोमानाने निरोगी यकृतातही याचा सौम्य प्रकार घडतो. भिंत जाड होते, झरोके कमी होतात. म्हातारपणी जेवणानंतरचा मेद रक्तात जास्त वेळ का रेंगाळतो, याचे एक कारण इथे असावे.

टाइप-२ मधुमेहात बेटांमध्ये वाहिनी आणि बीटा पेशी यांच्या मधोमध चिकट प्रथिनाचा थर साचतो. १९०१ मध्ये यूजीन ओपी यांनी हे साचणे पाहिले होते. इन्सुलिनच्या वाटेत उभा राहिलेला हा अडसर रोगाचे कारण आहे की परिणाम, यावर अजून एकमत नाही.

न सुटलेले वाद

सर्वांत मूलभूत वाद असा : संप्रेरकाला बाहेर पडायला झरोका खरोखर लागतो का? वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होते, पण प्रौढ वृषणातल्या केशवाहिन्या बहुतांशी अखंड असतात. स्टेरॉइड संप्रेरके लहान आणि मेदात विरघळणारी असल्याने ती पेशींची आवरणे सहज ओलांडतात. असे असूनही स्टेरॉइडच बनवणाऱ्या अधिवृक्क बाह्यकात झरोके भरपूर आहेत. त्यामुळे काहींच्या मते झरोक्यांचे काम बाहेर जाणाऱ्या मालापेक्षा आत येणाऱ्या मालासाठी अधिक असावे. अधिवृक्काला स्टेरॉइड बनवायला कोलेस्टेरॉलचे कण लागतात, थायरॉइडला टीएसएच लागते, बीटा पेशीला रक्तातली साखर क्षणाक्षणाला कळावी लागते. मला ही बाजू पटते. ग्रंथीला बोलण्याइतकेच ऐकणेही गरजेचे असते आणि झरोका दोन्हींसाठी उघडा असतो. फक्त संप्रेरक बाहेर टाकण्याचा मार्ग म्हणून त्याच्याकडे पाहणे अपुरे ठरते.

दुसरा वाद कर्करोगाच्या औषधांचा. थायरॉइड मंदावण्याचे कारण केवळ वाहिन्या झडणे आहे का? ही औषधे एकाच वेळी अनेक रेणूंना अडवतात. त्यांच्यामुळे थायरॉइडला सूज येते, आयोडीन शोषण कमी होते, शरीरात संप्रेरक लवकर मोडले जाते, असेही पुरावे आहेत. फक्त व्हीईजीएफला पकडणाऱ्या प्रतिपिंडांमुळे थायरॉइड मंदावण्याचे प्रमाण या गोळ्यांपेक्षा कमी दिसते, ही गोष्टही एकाच कारणावर बोट ठेवू देत नाही. वाहिन्यांचा वाटा मोठा आहे, पण तो एकटा नसावा.

तिसरा वाद बेटातल्या रक्ताच्या दिशेचा. रक्त आधी बीटा पेशींकडे जाते आणि मग इतरांकडे, की उलट, यावर अनेक दशके मते मांडली गेली. अलीकडच्या कामातून असे पुढे येते आहे की बेटाच्या आणि भोवतालच्या भागाच्या वाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि ठरावीक एकदिश वाहतूक नसावी. माणसाची बेटे उंदराच्या बेटांपेक्षा वेगळी रचलेली असतात, हा मुद्दाही इथे फार महत्त्वाचा आहे. बरेच निष्कर्ष उंदरावरून माणसाला चिकटवले गेले आहेत.

पुढची वाट

साधने आता बदलली आहेत. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची जुनी मर्यादा ओलांडणाऱ्या पद्धतींना २०१४ चे नोबेल मिळाले आणि झरोके प्रकाशातही दिसू लागले. पोलंडच्या क्राकोव्हमधल्या गटाने सूक्ष्म सुईने चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या यकृतातल्या जिवंत पेशींचे झरोके उघडताना आणि मिटताना पाहिले. ते मिनिटांच्या हिशेबाने बदलत होते. स्थिर चित्रांवर आधारलेली आपली समजूत यामुळे पुन्हा तपासावी लागेल.

उपचारांतही या ज्ञानाचा वापर सुरू झाला आहे. २०१८ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे औषध मेदाच्या नॅनोकणांतून यकृतपेशीत पोचवले जाते. ते कण यकृताच्या उघड्या झरोक्यांतून जातील एवढेच ठेवावे लागतात. कॅनडातल्या एडमंटनमध्ये २००० साली यशस्वी झालेल्या बेट-प्रत्यारोपणाच्या पद्धतीतही खरी अडचण वाहिन्यांचीच आहे. दात्याच्या स्वादुपिंडातून बेटे वेगळी काढताना त्यांच्या वाहिन्या तुटतात आणि नव्या वाहिन्या उगवेपर्यंतच्या दिवसांत बरीच बेटे दगावतात. मूलपेशींपासून बीटा पेशी बनवण्याचे काम आज जोरात आहे. त्यांना झरोकेदार वाहिन्या मिळवून देण्याचे काम तितक्याच जोमाने व्हायला हवे.

शेवटी अध्यापनाचा प्रश्न येतो आणि तो मला सर्वांत तातडीचा वाटतो. वैद्यकीय महाविद्यालयांत ग्रंथी शिकवल्या जातात त्या बहुधा नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या काचपट्ट्यांवर. त्यांत पुटिका ठळक दिसतात, बेटे ओळखू येतात, आणि मिटून गेलेल्या केशवाहिन्या नजरेतून निसटतात. विद्यार्थ्याच्या मनात ग्रंथीचे जे चित्र ठसते, त्यात वाहिनी नसतेच. पुढे तोच विद्यार्थी डॉक्टर होऊन कर्करोगाची औषधे लिहितो, सिऱ्हॉसिसचा रुग्ण पाहतो, बाळंतिणीचा रक्तस्राव हाताळतो. या तिन्ही ठिकाणी त्याला या वाहिन्यांची जाण हवी असते. काचपट्टीशेजारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे एक चित्र ठेवायला आणि वाहिन्या दाखवणारा एक विशेष रंग वापरायला फार खर्च येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयालाही ते जमण्यासारखे आहे. संप्रेरकांचे आजार वाढत असलेल्या समाजात ग्रंथी तिच्या वाहिन्यांसकट शिकवणे हे आता अभ्यासक्रमात पक्के व्हायला हवे.